तव्यावरचे स्कोन आणि चौथीचं वाचन

आमच्या चौथीच्या वाचनपेटीत एक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आहे. त्यातली आजी दुपारच्या चहाला स्कोन करते. मुलांनी लगेच विचारलं, "बाई, स्कोन म्हणजे आईस्क्रीमचा कोन का?" मोबाईलवर फोटो दाखवून पुढे जाता आलं असतं. पण आनंददायी शनिवार जवळ आला होता आणि माझ्या डोक्यात वर्गातला एक मुलगा होता. तो अजून अक्षराला अक्षर जोडून वाचतो. तो अडखळला की शेजारची मुलं शब्द पुरा करून टाकतात. त्यामुळे त्याला सवयच लागली आहे, वाचताना पुस्तकाकडे नाही, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची. त्याला असं काहीतरी वाचायला द्यायचं होतं जे वर्गात कुणालाच आधी माहीत नाही. पोह्यांची कृती सगळ्यांना पाठ असते, स्कोनची कुणालाच नव्हती.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. इंग्लंडच्या दुपारच्या चहाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते नंतर. तिथे कुणी स्कोन म्हणतं, कुणी स्कॉन, आणि यावरून आजही वाद चालतो. आता तो ओव्हनमध्ये भाजतात, पण जुनी स्कॉटिश पद्धत तव्याची. लोखंडी तव्यावर जाडसर गोल भाकरी टाकायची आणि तिचे चार भाग करायचे. या चौथ्या भागाला तिकडे ‘फार्ल’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच चौथा हिस्सा. म्हणजे आपला पाव! (खायचा पाव वेगळा, तो पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. मुलांना ही गंमत फार आवडली.)

तवा चालतो म्हटल्यावर प्रश्न मिटला. सोळा मुलं, चार गट. प्रत्येक गटाला अर्धपाव म्हणजे 125 ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा पिठीसाखर, 30 ग्रॅम थंड लोणी आणि साधारण 75 मिली दूध. अंडं लागत नाही, त्यामुळे कुणाच्या घरून हरकत यायचा प्रश्न नव्हता. कृती मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहिली, एका पट्टीवर एकच वाक्य. नियम एकच: ज्याच्या हातात पट्टी, त्यानेच वाचायचं. बाकीच्यांनी त्याचं ऐकून करायचं.

लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करायचं असतं. हे मुलांनी झकास केलं. पण दूध घातल्यावर सगळ्यांचे हात कणीक मळायला शिवशिवायला लागले. घरी तेच बघितलेलं असतं ना! इथे मात्र मळायचं नाही. मळलं की पिठाला चिवटपणा येतो आणि स्कोन कडक होतो. नुसतं गोळा करून हाताने थापायचं, दीड बोट जाड.

त्या मुलाच्या हातात पट्टी होती, ‘दूध एकदम ओतू नका. थोडे थोडे घाला.’ तो पहिल्या शब्दावर थांबला. गटातल्या मुलीने भांडं तिरकं केलं. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्याने बोट ठेवून दुसरा शब्द जोडला, तिसरा जोडला, आणि एकदम ओरडला, "ए थांब! एकदम नाही ओतायचं!" तिने भांडं सरळ केलं. मग त्याने उरलेलं वाक्य वाचलं, सावकाश. मध्ये कुणीही शब्द पुरवला नाही, कारण पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका मिनिटात किती शब्द वाचले हे आपण मोजतो. मोजायलाही हवं. पण त्या दिवशी त्याने सात शब्दांना किती वेळ घेतला ते मी घड्याळात बघितलं नाही.

भाजायचं काम पोषण आहाराच्या मावशींनी केलं. जाड तवा, अगदी मंद आच, दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं. दुधाच्या ओलाव्याने आणि उष्णतेने बेकिंग पावडरमधून वायू सुटतो, त्यामुळे भाकरी फुगते. मावशी म्हणाल्या, "बाई, ही तर गोड दशमीची बहीण!" इंग्लंडात वर घट्ट साय आणि जॅम लावतात. डेव्हन परगण्यात आधी साय, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. आम्ही घरची साय आणि साखरांबा घेतला. वर्गात लगेच दोन पक्ष पडले. एकाने दोन्ही वेगवेगळं खाल्लं आणि स्कोन शेवटी.

पालकांना एक सांगते. घरी करताना कृती तुम्ही वाचून दाखवू नका, मुलाला वाचू द्या. तो अडला तर भांडं हातात धरून थांबा. तेवढा वेळ दूध काही नासत नाही.

सोमवारी तो मुलगा खोक्याचा पुठ्ठा कापून चार पट्ट्या घेऊन आला. आजीच्या थालीपिठाची कृती. ‘भाजणी’तला भ उलटा होता. मुलांनी पट्ट्या क्रमाने लावल्या आणि एकीने विचारलं, "अरे, पण मीठ कधी घालायचं?" त्याने जरा विचार केला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "बाई, अजून एक पुठ्ठा द्या."