चकली मोठी केव्हा होणार?

मुलांनो, ‘चकली’ म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटणार. पण मी ज्या चकलीबद्दल सांगणार आहे, ती खायची नाही बरं का! ती आहे चक्क अजगराची मादी, आणि ती पाळली आहे माझ्या भाचीने.

माझी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीकडे ‘बॉल पायथन’ जातीचा हा अजगर आहे. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या गवताळ रानात, उंदरांच्या बिळांत ती राहते. बेनिनमधल्या वीदा गावात तर या अजगरांचं देऊळच आहे! घाबरला की हा प्राणी डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याचं नाव ‘बॉल’. तो विषारी नाही. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम चार-पाच फुटांची.

आता तुम्ही लगेच आईबाबांकडे हट्ट धराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्या रानातल्या अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं किंवा घरी ठेवणं हा गुन्हा आहे. तेव्हा आपण चकलीची गोष्ट नुसती ऐकायची.

तर प्रश्न असा की, अजगर लहान की मोठा हे ओळखायचं कसं? त्याला दाढी-मिशा येत नाहीत, आवाज फुटत नाही. लांबी मोजावी, तर तो पट्टीसारखा सरळ पडून राहील का? म्हणून माझ्या भाचीने वजनाची वही घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झाकणाचा रिकामा डबा स्वयंपाकघरातल्यासारख्या काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, मग डब्यात चकलीला ठेवून पुन्हा बघायचा. वजाबाकी केली की झालं!

अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू फूट-सव्वा फूट लांब असतं. वजन ५० ते ८० ग्रॅम, म्हणजे साधारण कोंबडीच्या एका अंड्याएवढं. आठवडा-दहा दिवसांत ते पहिली कात टाकतं आणि त्यानंतर पहिला घास घेतं. पुढे वाढेल तशी कात पडत राहते. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे दिसू लागतात. त्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही. कात अखंड निघाली, तर तब्येत ठीक आहे असं समजायचं. चकलीच्या प्रत्येक कातीची तारीख वहीत आहे.

चकली सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन १,२५० ग्रॅम भरलं. शेजारच्या मुलाकडे याच जातीचा नर होता. नर लवकर वयात येतो. दीड वर्षाचा आणि सहाशे-सातशे ग्रॅमचा झाला तरी पुरे. शेजारी म्हणाला, “आपण दोघांची जोडी लावू. पिल्लं झाली की निम्मी तुझी, निम्मी माझी!” पण एक अडचण होती. उन्हाळ्यात त्याचं कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला जाणार होतं. म्हणजे आत्ता नाही, तर कधीच नाही.

भाचीची झोप उडाली. मादीसाठी साधारण १,५०० ग्रॅम वजन आणि तीन वर्षं वय धरतात, हे तिला ठाऊक होतं. शेजाऱ्याने तोड काढली, “मग तिला दोन घास जास्त दे. अडीचशे ग्रॅम काय, सहज वाढतील!”

तिने सापांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चकलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि समजावून सांगितलं, “पाठीचा कणा टोकदार वर आला, तर साप रोड. वळताना अंगाला घड्या पडल्या आणि खवल्यांमधली कातडी दिसू लागली, तर तो लठ्ठ. तुझी चकली अगदी बेताची आहे. जास्त खायला घालून काटा पुढे सरकेल, पण ती वयात येईलच असं नाही. चरबी चढणं वेगळं आणि वाढ होणं वेगळं.”

मुलांनो, हे एवढं महत्त्वाचं का? मादी एका वेळी चार-सहा मोठी अंडी घालते. मग जवळजवळ दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते आणि बहुतेक काही खातच नाही. हा सगळा खर्च तिने आधी अंगात साठवलेल्या शक्तीतून होतो. कोवळ्या मादीकडे तेवढी शिल्लक नसते. ती खंगते, कधी जिवावरही बेततं. आणि “मी अजून लहान आहे,” असं साप काही तोंडाने सांगू शकत नाही!

भाचीने शेजाऱ्याला ‘नाही’ सांगितलं. तो इतका रागावला, की आठवडाभर बोलला नाही. उन्हाळ्यात तो गेला, त्याचा नरही गेला. फोनवर मला म्हणाली, “मामा, मला खूप रडू आलं. पण चकलीला कोण विचारणार होतं?”

आज चकली साडेतीन वर्षांची आहे. वजन १,६२० ग्रॅम. आता तिची जोडी लावता येईल. पण भाचीने आणखी एक गोष्ट वाचली. हे अजगर माणसाच्या घरी वीस-तीस वर्षं जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली अंडी घालणारी मादी तर ६२ वर्षांची असावी, असा अंदाज होता! मग पाच पिल्लं झाली, तर त्यांना इतकी वर्षं सांभाळणार कोण? पाच चांगली घरं मिळेपर्यंत थांबायचं, असं तिने ठरवलं आहे.

तुमच्याकडे अजगर नाही, पण कुंडीतली जास्वंद असेल, मांजराचं पिल्लू असेल. घाला एक वही! दर महिन्याला ठरलेल्या दिवशी मोजा, तारीख घाला, काय बदललं ते लिहा. आपल्याला घाई असली तरी ज्याचं त्याचं मोठं होणं त्याच्या चालीनेच होतं, हे तुम्हाला त्या वहीत दिसेल. आणि हो, आईबाबांनाही ती जरूर दाखवा!