लालबागमार्गे दादर

मोटार घेतली की माणसाची ऐट वाढते म्हणतात. आमची आधी झोप गेली. १९९६ साली जुनी मारुती ८०० गिरगावातल्या चाळीपुढे उभी राहिली. मुलांचे क्रिकेट बंद पडले, आणि चेंडूच्या आवाजासरशी मी मध्यरात्रीही गॅलरीत धावू लागलो.

डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून ही गाडी प्रथम बाहेर पडली. किंमत पन्नास हजारांच्या आत, इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सीसीचे. फियाटकडे लांबूनच पाहणाऱ्या कारकुनी घरांना तिने पहिल्यांदा धीर दिला.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही दादरला निघालो. मागे सौभाग्यवती नि चिरंजीव, पुढे अण्णा. लॅमिंग्टन रोड, सात रस्ता, चिंचपोकळीचा पूल उतरला की लालबाग. अण्णांनी हा रस्ता बसला लोंबकळत तीस वर्षे तुडवलेला. तिथल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात ते कारकून होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि अण्णांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही.

"अण्णा, गेटापुढे थांबू या?" मी हौसेने विचारले.

"नको रे. ज्यांची हजेरी मी मांडली, त्यांतला एखादा तिथे काही विकत बसला असेल. त्याच्यापुढे मोटारीतून उतरू?"

गाडी अलीकडच्या गल्लीत लावली. अण्णा चालत गेले. वीस मिनिटांनी परतले ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन. हातात पणत्यांची टोपली.

"हे आमच्या साळखात्यातले. घर परळला आहे, टोपली जड आहे," असे म्हणून अण्णा स्वतः मागे दाटीवाटीने बसले आणि पाहुण्यांना पुढे बसवले.

भारतमाता सिनेमा मागे पडला. परळला उतरताना गृहस्थांनी पाच पणत्या सीटवर ठेवल्या. पैसे घेईनात. खिडकीत वाकून म्हणाले, "साहेब, उद्या उशीर झाला तर खाडा मांडू नका हं!"

अण्णा मोठ्याने हसले. मग हिंदमाता गेले, दादर आले, तरी बोलले नाहीत.

२०१४ च्या जानेवारीत त्या गाडीचे उत्पादनच थांबले. आमची त्याआधीच भंगारात गेली होती. गिरणीच्या जागी टॉवर आहे, त्यात मोटारींसाठी मजलेच्या मजले. अण्णा नाहीत. पणत्यांपैकी तीन उरल्या आहेत. त्या दरवर्षी लावतो.