आमच्या घरचे लाईटबिल

आमचे घर गावाच्या कडेला ओढ्याजवळ आहे. घरात आजी, अण्णा, आई, काका, ताई आणि मी अशी सहा माणसे आहोत. एक म्हैस आहे व कोंबड्या आहेत. ताई दहावीला आहे. ती तालुक्याच्या हायस्कुलात एस.टी.ने जाते आणि दिवस मावळताना घरी येते.

पौष महिन्यात लाईटबिल आले. मागच्या बिलात 84 युनिट होते, या वेळी 106 झाले. अण्णा खूप रागावले. "कोण जाळतंय एवढी लाईट?" असे म्हणाले. सगळे ताईकडे बघू लागले. कारण ती त्याच महिन्यापासून रात्री चार तास अभ्यासाला बसत होती. अण्णा म्हणाले, "आजपासून जेवणं झाली की दिवा बंद. अभ्यास दिवसा करायचा." ताई काही बोलली नाही. पण रात्री ती रडत होती. आम्ही एकाच गोधडीत झोपतो, म्हणून मला कळले.

गुरुजींनी आम्हाला युनिट काढायला शिकवले आहे. वॅट गुणिले तास करायचे व 1000 ने भागायचे. मी पाटी घेतली आणि घरातले सगळे दिवे बघत फिरले. ताईचा एलईडी दिवा 9 वॅटचा आहे. चार तासांचे 36 झाले, तीस दिवसांचे 1080. म्हणजे एक युनिटाहून थोडेच जास्त! मला वाटले चुकले. परत केले, तरी तेवढेच आले. स्वयंपाकघरात वळणावळणाचा सीएफएल आहे, तो 15 वॅटचा. पण तो पूर्वीपासूनच आहे.

मग मी गोठ्यात गेले. तिथे आजीने जुना काचेचा बल्ब लावला होता. आमच्या एका कोंबडीला मुंगसाने नेले, तेव्हा तिची नऊ पिल्ले चार दिवसांची होती. ती त्या बल्बाखाली टोपलीत झोपायची. बल्बावर 100 वॅट लिहिले होते. तो संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत, म्हणजे 14 तास जळायचा. एका रात्रीचे 1400, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. बिलावर रिडिंगची तारीख असते. बल्ब लावल्यापासून त्या तारखेपर्यंत 15 रात्री झाल्या होत्या. त्याचे 21 युनिट झाले. 21 आणि ताईचे 1, बरोबर 22!

मी पाटी अण्णांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. मग बिलाची मागची बाजू बघून म्हणाले, "शंभराच्या पुढं दर चढा लागतोय." काकांनी दुकानातून 90 रुपयांना 9 वॅटचा एलईडी आणला आणि बटण बंद करून गोठ्यात बसवला. उजेड छान पडला. मला फार आनंद झाला. आजी त्या दिवशी आत्याच्या गावी गेली होती.

सकाळी मी टोपली बघितली. पिल्ले एकावर एक चढून गोळा झाली होती. खालचे एक पिल्लू हलत नव्हते. ते मेले होते. आई म्हणाली, थंडीने गेले. मी शाळेत गेले नाही.

आजी पहिल्या गाडीने आली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "अगं, मी तो बल्ब उजेडाला नव्हता लावला, उबेला लावला होता." तिने काकांना परत जुना बल्ब लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, जुन्या बल्बात टंगस्टनची बारीक तार असते. ती खूप तापते तेव्हा उजेड पडतो. त्यातली बरीचशी वीज उष्णतेत जाते. एलईडीत तशी तार नसते, म्हणून तेवढ्याच उजेडाला वीज कमी लागते व तो कमी तापतो. हे मी आधी विचारायला पाहिजे होते.

पिल्लांना पिसे येईपर्यंत बल्ब ठेवायचा असे ठरले. अण्णा ताईला म्हणाले, "तू बस गं वाचत." नवा एलईडी ताईजवळच लावला आहे, जुना पडवीत गेला. आता आठ पिल्ले अंगणभर पळतात. माझ्या हाताला मात्र लागत नाहीत.

रिडिंगनंतर तो बल्ब 12 रात्री जळला. त्याचे 17 युनिट मी धरले. पुढचे बिल 102 येईल असे पाटीवर लिहून आजीला दाखवले. तसेच 102 आले.