एका नांवाची कुळकथा

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं मुलांचा मोठा मेळावा जमला होता. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं माडीवर पत्त्यांचा डाव पडे. एके रात्रीं धाकट्या पुतण्यानें हातांतला गुलाम खालीं टाकीत विचारलें, "काका, गुलामाला इंग्रजींत जॅक कां म्हणतात हो?"

आम्हांस असा प्रश्न म्हणजे पर्वणीच! आम्हीं सांगूं लागलों कीं, 'जॅक' हें 'जॉन' या नांवाचें घरगुती रूप. इंग्लंडांत जॉन इतके झाले कीं, जॅक म्हणजे कोणीही सोम्यागोम्या असा अर्थ रूढ झाला. खलाशी तो जॅक, हरकाम्या तोही जॅक. पत्त्यांतल्या गुलामाला प्रतिष्ठित लोक 'नेव्ह' म्हणत. जॅक म्हणणें हें हलक्या घरचें बोलणें समजलें जाई. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या कादंबरींत श्रीमंत घरांतली मुलगी गरीब पिपला याच एका शब्दावरून हिणवते.

येथेंच थांबलों असतों तर बरें होतें. पण मुलें रंगलेलीं पाहून आमची जीभ सैल सुटली आणि आम्हीं जगांतल्या सर्वांत कुप्रसिद्ध जॅकवर, 'जॅक द रिपर'वर, येऊन ठेपलों.

१८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळांत लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत व त्याच्या आसपास गरीब स्त्रियांचे खून पडले. त्यांपैकीं पांच एकाच हातचे मानले जातात. खुनी कधींच सांपडला नाहीं. मग त्याचें नांव जगास कळलें कसें? २७ सप्टेंबर रोजीं 'सेंट्रल न्यूज' या वृत्तसंस्थेकडे तांबड्या शाईनें लिहिलेलें एक पत्र आलें. त्याच्या खालीं ही सही होती. संस्थेनें तें २९ तारखेस पोलिसांकडे धाडलें. त्याच रात्रीं, म्हणजे ३० च्या पहाटेपूर्वीं, आणखी दोन स्त्रिया मारल्या गेल्या. १ ऑक्टोबरला पत्र वर्तमानपत्रांत झळकलें, आणि अक्षर कोणी ओळखील या आशेनें पोलिसांनींच त्याच्या प्रती छापून भिंतींवर लाविल्या. तोंवर लोक खुन्याला 'लेदर एप्रन', म्हणजे चामड्याचा एप्रनवाला, म्हणत. त्या संशयावरून एका ज्यू चांभाराला पकडून, निर्दोष ठरल्यावर सोडूनही दिलें होतें. नव्या नांवानें तें जुनें नांव थोड्याच दिवसांत मागें टाकलें.

हें नांव इतक्या लवकर लोकांच्या तोंडीं बसलें, याचें कारण त्याचा सांचा लंडनकरांच्या ओळखीचा होता. जॅक शेपर्ड हा चोर १७२४ या एकाच सालीं चार वेळां कैदेंतून पळाला आणि अखेर टायबर्नला फांशीं गेला. शंभरांवर वर्षें लोटल्यावरही एन्सवर्थची त्याच्यावरील कादंबरी घरोघर वाचली जात होती. गुडघ्यांवर सोळा रंगीत फिती मिरविणारा वाटमाऱ्या 'सिक्स्टीन स्ट्रिंग जॅक' १७७४ मध्यें फांशीं गेला. जॅक केच हा तर स्वतःच मारेकरी! दुसऱ्या चार्ल्स राजाच्या वेळेपासून तो फांशी देण्याचें काम करी. १६८५ मध्यें ड्यूक ऑफ मन्मथचें शिर त्याला एका घावांत उडवितां आलें नाहीं; पुढें प्रत्येक फांशी देणाऱ्यास लोक त्याच नांवानें ओळखूं लागले. १८३७-३८ च्या हिंवाळ्यांत उंच भिंतींवरून उड्या मारणारा व तोंडांतून ज्वाळा सोडणारा 'स्प्रिंग-हील्ड जॅक' लंडनभर बोलबाल्याचा झाला, आणि आपल्याकडील बागुलबुवाप्रमाणें पुढें पोरांना भिवविण्याच्या कामीं आला. नांवाची घडण मात्र आम्हांस 'जॅक द जायंट किलर' या राक्षस मारणाऱ्या पोराच्या गोष्टींतली वाटते. 'रिपर' म्हणजे फाडणारा; शिवाय त्या काळच्या बोलींत 'झकास गडी' असाही त्याचा अर्थ होता. म्हणजे नांव ठेवणारा शब्दांशीं खेळणारा होता.

तो खुनीच होता काय? स्कॉटलंड यार्डच्या सर रॉबर्ट अँडरसन यांनीं १९१० मध्यें आपल्या आठवणींत लिहिलें कीं, हें पत्र एका वृत्तपत्रवाल्याची करणी होती. २०१८ मध्यें मँचेस्टर विद्यापीठांतील एका भाषाशास्त्रज्ञाच्या अभ्यासांत, हें पत्र व त्यामागून आलेलें पोस्टकार्ड एकाच लेखकाचें असावें असें दिसून आलें. तेव्हां खप वाढविण्यासाठीं कोणा लेखणीबहाद्दरानें खुनाला बारसें केलें, असेंच आम्हांस वाटतें.

आमचें हें पांडित्य चाललें असतां कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, त्या मेल्याचें नांव दहा वेळां घेतलेंस. मारल्या त्या कोणाच्या लेकी होत्या?"

आम्हीं गप्प झालों. जॅकची सात पिढ्यांची कुळी आम्हांस तोंडपाठ होती. त्या पांचांपैकीं एकीचेंही नांव सांगतां येईना! मुलें आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. आम्हांस खरोखर लाज वाटली. ज्यानें हें नांव रचिलें त्यानें केवळ एक वर्तमानपत्र खपविलें नाहीं. कोणाची आठवण ठेवायची व कोणाला विसरायचें, हेंही आमच्यासाठीं ठरवून टाकलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुस्तकें काढून बसलों. रात्रीं डाव मांडण्यापूर्वीं मुलांना व मातोश्रींना सांगितलें तें असें. मेरी अ‍ॅन निकल्स ही कुलुपें करणाऱ्याची मुलगी, पांच मुलांची आई; त्या रात्रीं निजायच्या जागेपुरते चार पेन्स जवळ नव्हते म्हणून ती रस्त्यावर होती. अ‍ॅनी चॅपमन ही एका कोचमनची विधवा. तीही त्याच कारणानें बाहेर पडलेली. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनमधून आलेली. कॅथरिन एडोज व्हुल्व्हरहॅम्प्टनची, नुकतीच केंटमधल्या शेतांवरून मजुरी करून परतलेली. आणि मेरी जेन केली, सुमारें पंचविशींतली.

मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "चार पेन्स म्हणजे फार होते का रे?"

"फार नव्हते," आम्हीं म्हणालों.

त्या रात्रीं पत्ते बराच वेळ कोणी वांटले नाहींत.