पदराची उलटी बाजू



धाकट्याचं लग्न माघात आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहेच. हॉल, आचारी, पत्रिका सगळं मार्गी लागलं आणि घोडं अडलं ते एका साडीपाशी. होणारी सून पुण्याला नोकरी करते. मी फोनवर विचारलं, "शालू कसा हवा गं तुला?" तर म्हणाली, "आई, तुम्ही तर पैठणच्या शेजारच्या. मला मागावर विणलेली खरी पैठणी द्या, बाकी काही नको."

मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

२००४ च्या चातुर्मासात मी माताजींकडून रेशमाच्या त्यागाचा नियम घेतला. कारण तुम्हाला सांगायला नको. कोषातला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर कोष फुटतो आणि अखंड धागा मिळत नाही, म्हणून त्याआधीच त्याला वाफेत नाहीतर गरम पाण्यात मारतात. एका साडीमागे असे हजारो कोष. आपल्या शेजारी जालन्यातच आता कोषांची बाजारपेठ भरते. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याला मी नावं ठेवत नाही. मी माझ्यापुरतं सोडलं, एवढंच.

हे म्हणाले, "नियम तुझा आहे, तिच्यावर कशाला लादतेस? तिची हौस आहे." बोलणं रास्त होतं. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी कर्म बांधलं जातं. साडी मी नेसणार नसले तरी पैसे देऊन विणवून घेणार मीच.

आणि खरं सांगायचं तर माझे हात काही स्वच्छ नाहीत. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. मी बी.कॉम. म्हणून लग्नानंतर वह्या माझ्याकडे आल्या. रेशमी साड्यांवरचा नफा मी स्वतःच्या अक्षरात कितीतरी वर्षं लिहिला आहे. त्या दुकानाची मला आजही आठवण येते, ती मात्र नफ्यासाठी नाही. गिऱ्हाईक पायऱ्या चढलं की आधी "या, बसा", मग पाण्याचा तांब्या, मग कापड. वीस थान उलगडून बाई काही न घेता उठली तरी मामंजींच्या कपाळावर आठी नसायची. थानात कुठे गाठ किंवा डाग असला तर कात्री लावण्याआधी ते स्वतः बोट ठेवून दाखवायचे. आता मॉलमध्ये साडी घेताना कोणी बसाही म्हणत नाही, आणि दोष शोधायचा तो आपणच, तोही घरी येऊन.

तर शनी अमावस्येला आम्ही पैठणला मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो. गर्दी नेहमीसारखीच होती. दर्शन झाल्यावर हे गाडीत झोपले आणि मी एकटीच एका विणकर बाईंच्या घरी गेले. ओळखीच्या एकीने पत्ता दिला होता.

मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून बसलेली चाळिशीची बाई, आणि समोर अर्धा विणलेला पदर. त्यावर बांगडी मोर. बांगडीसारख्या गोलात चार मोर असतात तो. प्रत्येक रंगाची वेगळी लहान कांडी, आणि एकेका रंगापुरतं ती कांडी हाताने फिरवायची. दिवसभरात इंच-दोन इंच काम पुढे सरकतं. त्यांनी पदर उलटा करून दाखवला. मागूनही मोर तसाच, लोंबणारा एक धागा नाही. यंत्रावरच्या साडीत मागे धाग्यांचा पसारा असतो किंवा कापल्याच्या खुणा असतात. घेताना आधी उलटी बाजू बघा, असं त्याच म्हणाल्या. सातवाहनांच्या काळापासून या गावाचं नाव कापडासाठी घेतात. ते का, हे मला त्या उलट्या बाजूवरून कळलं. डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच लाजही वाटली. ज्याचा त्याग केला त्याच्याच मोहात पडले की काय!

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नियम, सून, सगळं. मुलाने इंटरनेटवर अहिंसा रेशमाबद्दल वाचलं होतं, तेही विचारलं. हैदराबादकडच्या कुसुमा राजय्यांनी ते पुढे आणलं. पतंग बाहेर पडू देतात आणि मग फुटलेला कोष कापसासारखा कातून सूत काढतात. बाई म्हणाल्या, "ऐकलंय मावशी, पण मी त्यावर काम केलेलं नाही. न केलेल्या कामाचे पैसे कसे घेऊ?"

"मग सुती अंगावर हाच पदर होईल?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "होईल. पण चमक कमी येईल, हे आधीच सांगते. आणि मावशी, तुम्ही रेशीम नको म्हणता, तर खरी जरही घेऊ नका. तिच्या चांदीच्या तारेच्या आतही बहुतेकदा रेशमाचाच धागा असतो. साधी जर घेऊ, सुतावरची."

वीस वर्षं नियम पाळते आहे मी, बायांनो! जरीच्या पोटात काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गप्प बसून महागडी जर लावली असती तरी मला कळलं नसतं. साध्या जरीत त्यांचेच पैसे कमी होणार होते. मला मामंजींचं थानावर ठेवलेलं बोट आठवलं.

"आगाऊ रक्कम आत्ता देऊ नका," त्या म्हणाल्या. "वीतभर तुकडा विणून ठेवते. सूनबाईंना दाखवा. नाही आवडला तर विषय संपला."

महिन्याभराने तुकडा आला. सून मागच्या रविवारी आली होती, तिच्या हातात दिला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. तिने तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आई, चमक खरंच कमी आहे," म्हणाली. मी म्हटलं, "हो, आहे." मनात धरलं की ही नाही म्हणणार आणि मग मला 'हो' म्हणावं लागणार.

तुकडा घेऊन ती पुण्याला गेली. परवा रात्री फोन आला. "आई, त्या मावशींना मोराऐवजी कमळं जमतील का? अजिंठ्याच्या चित्रांत आहेत तशी?"

माझी लग्नातली पैठणी मात्र अजून ट्रंकेत आहे. १९८२ ची, सासूबाईंनी दिलेली. नेसवत नाही आणि कोणाला देववतही नाही. तुमच्यापैकी कोणी अशा साडीचं काय केलं असेल तर मला जरूर कळवा.