ताई, सेल्फ मारू नका!

गाडीबद्दल सल्ला द्यायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. गेल्या जुलैत मीरा रोडला गुडघाभर पाण्यात माझी सेकंडहॅण्ड वॅगन-आर बंद पडली आणि दोन मिनिटांत सहा एक्सपर्ट जमले. 'मॅडम, सेल्फ मारा!' एकटे रिक्षावाले काका ओरडत होते, 'ताई, मारू नका, ढकलू या!' मी बहुमताचं ऐकलं. (लोकशाही!) तिसऱ्या सेल्फला खट्ट. संपलं.

मेकॅनिक म्हणाला, पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग कनेक्टिंग रॉडच वाकतो. बिल ४८ हजार! इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले. साध्या पॉलिसीत हे बसत नाही म्हणे, 'इंजिन प्रोटेक्शन' वेगळं घ्यावं लागतं. तेही घेताना बारीक अक्षरं वाचा. पाण्यात सेल्फ मारलात तर तिथेही वाद होतो.

२६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, बाबा हायवेवर गाडी सोडून चालत घरी आले होते. आई केवढी चिडली होती! पाणी ओसरल्यावर त्यांनी ती टो करून गॅरेजला नेली. पुढे नऊ वर्षं चालली.

बाबांना मी बिलाचा आकडा अजून सांगितलेला नाही.