दोन मिलिमीटरची ॲलन की

बोपदेव घाट चढायला माझी लेक कधीच घाबरली नाही. घाबरायची ती उतरताना.

रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही बापलेक कोंढव्यातून सायकली काढायचो. चढावर ती पुढे. वर जाऊन, पाणी पिऊन, माझी वाट बघत उभी. उतारावर मात्र मी खाली येऊन थांबायचो आणि ती बऱ्याच वेळानं यायची, कधी चक्क सायकल हातात धरून चालत. "बेटा, सवय होईल," मी म्हणायचो. तीन महिने हेच म्हणत होतो. पोरीनं रोड बाइक चालवावी हे घरात सगळ्यांना पटलेलं नव्हतंच. आपा म्हणाली, "घाबरते ना ती, मग कशाला मागे लागलायस?" खरं सांगतो, सायकल विकून टाकावी असं माझ्याही मनात आलं होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अब्बा, भीती नाही वाटत. बोटं पोचत नाहीत."

भिंतीला टेकवून तिला सायकलवर बसवलं. हँडलच्या खाली वळलेल्या भागावर हात ठेवायला लावले. ब्रेकच्या लिव्हरला तिच्या बोटांची फक्त टोकं लागत होती. ती टोकांनी ब्रेक ओढत घाट उतरत होती! सायकल मी एका उंच मुलाकडून जुनी घेतलेली. माझी बोटं आरामात पोचायची, म्हणून तपासायचं कधी सुचलंच नाही.

दुकानात नेली. तिथला मुलगा हसून म्हणाला, "लहान हातांना असंच होतं, सवय होईल." माझंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा टोचलं.

मग घरीच बसलो. आमच्या लिव्हरला, ती मुठीला जोडलेली असते तिथे, एक बारीक स्क्रू आहे. त्याला २ मिमीची ॲलन की लागते. (काही जुन्या लिव्हरमध्ये स्क्रूऐवजी रबराची पाचर बसवतात.) स्क्रू आत फिरवला की लिव्हर हँडलकडे सरकते. पाव-पाव फेरा फिरवायचा आणि दर वेळी तिला बोट ठेवायला लावायचं. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरला आकड्यासारखं अडकलं तेव्हा थांबलो.

पण काम तिथे संपत नाही, आणि घाई इथेच नडते. लिव्हर जवळ आली की दाबायला जागा कमी उरते. पहिल्यांदा जोरात दाबली तर ती थेट हँडलला टेकली आणि चाक फिरतच राहिलं. घाटात हे झालं असतं तर? ब्रेकजवळचा वायरचा ॲडजस्टर थोडा बाहेर फिरवून वायर ताणली, रबर रिमला घासत नाहीत ना पाहिलं. गियरही बदलून बघितले, कारण तीच लिव्हर आत ढकलून गियर पडतात. दोन्ही लिव्हर सारख्या करायला तासभर गेला. मग आधी गल्लीत चार फेऱ्या, घाट नंतर.

पुढच्या रविवारी ती माझ्या मागोमाग खाली आली. वळणांवर हळू, पण सायकलवर बसून.

घरी आल्यावर हात धुता धुता म्हणाली, "अब्बा, अम्मीच्या स्कूटरचं काय? तिचा हात तर माझ्यापेक्षा लहान आहे."

खाली जाऊन बघितलं. तिच्या लिव्हरला असा स्क्रू नाही. बारा वर्षं ती तशीच चालवतेय.